हंडा खाली ठेवायचं बटण

माझा भाचा राजेश्वर पुण्यात कंप्युटरच्या नोकरीला आहे. कुणी फारसं कौतुक न केलेल्या जुन्या व्हिडिओ गेमांची त्याने यादी केली आणि मोठ्या हौसेने मला फोनवर वाचून दाखवली. पंचवीस गेम. मी म्हणालो, "सव्विसावा राहिला." त्याने नाव विचारलं. नाव मला माहीत नाही. "मग यादीत कसा घालू, मामा?" म्हणतो. असला राग आला! नाव कळलं नाही म्हणून तो गेम नव्हताच काय? शिरूर कासारमध्ये तो शेवटपर्यंत खेळला गेलाय, माझ्या डोळ्यांदेखत. आणि खेळणारी ऊसतोडीला जाणारी बाई होती.

१९९६ च्या दिवाळीत मी आमच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत दोन टीव्ही मांडून गेमचं दुकान काढलं. पुढे गल्ल्यावर माझी आई बसम्मा, मागे मी सिद्धाराम, वय चोवीस, डोक्यात हवा. कॅसेटा अकरा. मारामारीच्या, मोटारींच्या, रणगाड्यांच्या कॅसेटांवर कॉलेजची पोरं तुटून पडायची. अकरावी मला बीडच्या व्यापाऱ्याने वरकड म्हणून दिली होती. लेबल फाटलेलं, उरलेली अक्षरं चिनी की जपानी देव जाणे. त्यात एक ठेंगणी आकृती डोक्यावर भांडं घेऊन भुयारांतून, पायऱ्यांवरून, डुगडुगत्या फळ्यांवरून चालते आणि वर उभ्या वाळक्या झाडाला पाणी घालते. पळालं की पाणी सांडतं, उडी मारली की भांडं रिकामं. बंदूक नाही, गाडी नाही. पोरं दोन मिनिटांत शिव्या घालून उठायची.

मी एकदा कसाबसा पहिल्या झाडापर्यंत पोचलो होतो. झाड हिरवं झालं आणि पडद्यावर नुसते ठिपके आले. सहा ओळी, ओळीत सहा, काही भरीव, काही पोकळ. मला वाटलं कॅसेट बिघडली. काढली, तिच्यात फुंकर मारली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. दोनदा असं झाल्यावर नाद सोडला.

केसरबाई आली ती सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये. साखर कारखान्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या. ती मिठाचा पुडा न्यायला आलेली. कुणीतरी तीच कॅसेट लावून उड्या मारत होतं. तिने दारातून मान आत घातली.

"ह्या बाईच्या डोक्यावर हंडा हाय न्हवं? मंग ती उड्या कावून मारती?"

"बाई न्हाई, गडी हाय तो," एक जण हसत म्हणाला.

"गडी कवा पानी आनतो रं?" म्हणाली आणि सरळ आत येऊन बाकड्यावर बसली. पोरांनी खिदळायला सुरुवात केली. मी तिला म्हणालो, इथं बाया येत नाहीत. तेवढ्यात पुढून आईचा आवाज आला, "शिरूरमंदी बायांनी कुटं बसायचं ते तू ठरवनार का? लाव तिला."

लावला. चार बटणं समजावली. तिने एकच प्रश्न विचारला, "हंडा खाली ठेवायचं बटन कंचं?"

"तसलं न्हाई."

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि चालू लागली. पळाली नाही, एक उडी मारली नाही. फळी हलली की थांबायची, स्थिर झाली की पुढे. अर्ध्या तासात झाड हिरवं आणि पडद्यावर ठिपके. मी कॅसेट काढायला हात पुढे केला तर तिने मनगट धरलं. कोयता चालवणाऱ्या हाताची पकड मला त्या दिवशी कळली.

"थांब की शेट. ठिपक्याची रांगुळी हाय ही." बराच वेळ बघत राहिली. ओठ हलत होते. मग मीठ घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हजर. "काल जितवर गेलते तितून लाव." मी तिला अडाण्याला समजावतात तसं समजावलं, की गेम रोज पहिल्यापासूनच सुरू होतो. गेमच्या पहिल्या पानावर चांदणीची खूण असलेली ओळ दिसायची आणि तिच्यावर दाबलं की पोकळ ठिपक्यांचा चौकोन यायचा. आम्ही सगळे तिला निरुपयोगी समजून सोडून द्यायचो. तिने तोच चौकोन उघडायला लावला. "मोकळी रांगुळी ठेवलीया भरायला, दिसत न्हाई का?" एकेक ठिपका भरत गेली. शेवटचा भरला आणि गेम दुसऱ्या झाडाच्या पायथ्याशी सुरू झाला. मी बी.कॉम. झालेला होतो, हे इथे मुद्दाम सांगतो.

पडद्याच्या वरच्या कडेला दहा झाडं होती. पावसाळाभर ती आठवड्यातून दोनदा यायची, मजुरी झाली की. सातव्या झाडाला दीड महिना गेला. गावात बोलणं सुरू झालं, केसरबाईला येड लागलं म्हणून. ती येत राहिली. दसऱ्यानंतर टोळी निघाली त्या सकाळी ती आठव्या झाडाखाली होती. मुकादम बद्रीनाथ दारात येऊन ओरडला, "ट्रक भरला, लोक खोळंबलेत, अन् ही इथं खेळ खेळत बसली!"

तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातलं एक नसलं तर मुकादमाचा हिशेबच बसत नाही. केसरबाईने मान वळवली नाही. "माझ्याबिगर कोयता पुरा हुतो का? न्हाई न्हवं? मंग थांब."

बद्रीनाथसारखा माणूस पंचवीस मिनिटं थांबला. झाड हिरवं झालं, ठिपके आले, ते तिने डोळ्यांत साठवले आणि उठली. मला म्हणाली, "दोन ऱ्हायलीत. माझ्या माघारी ही कॅसेट हालली न्हाई पायजे." मी हो म्हणालो.

आणि जानेवारीत ती कॅसेट देऊन टाकली. मारामारीचा नवा भाग आला होता, व्यापारी म्हणाला जुन्या दोन द्या नि एक घ्या. आपण कुणाला काय शब्द दिलाय हे मला आठवत होतं. तरी दिली. एका ऊसतोड बाईचा गेम, त्याचं एवढं काय, असं मनात आलं. तो विचार माझाच होता, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

एप्रिलमध्ये ती आली, बाकड्यावर बसली. "लाव."

मी सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. उठून पुढे गेली आणि दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसली. "आन परत. तवर मी इथनं हालायची न्हाई." येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "ह्या शेटनं माझी आठ झाडं इकली." तीन दिवस. सकाळी यायची, दिवस मावळला की जायची. आई तिला चहा द्यायची आणि मला म्हणाली, "कॅसेट येईस्तोवर माझ्या हातचं जेवन तुला बंद." बद्रीनाथने येऊन दटावलं, "उठ गं, तमाशा लावलाय. त्या गेमातून तुला काय मिळतंय?"

"तुला काय मिळतं ते मी कवा इचारलं का?" तो आल्या पावली परतला.

चौथ्या दिवशी मी बीडला गेलो. व्यापाऱ्याच्या टेबलाखाली मोडके रिमोट, तुटक्या वायरी टाकलेलं खोकं होतं. त्यात ती सापडली. "न्या तशीच, कोनी हात लावीना तिला," तो म्हणाला. एसटीत मी ती शर्टाच्या आत धरून बसलो. लाज वाटत होती.

मला शंका होती की ठिपके तरी तिच्या ध्यानात असतील का. कॅसेट लावताच तिने मोकळा चौकोन भराभर भरला. "तिकडं रोज आमच्या पाचटाच्या कोपीच्या दारात ही रांगुळी काडलीया. सहा म्हैने. रांगुळी सरली की चुलीतली राख घेतली. बाया म्हनायच्या, रोज तीच का? म्हनलं, माझी मर्जी."

नववं झाड तीन दिवसांत झालं. दहावं अवघड होतं. दोन आठवडे गेले. एका दुपारी अडीच वाजता ती अर्ध्या वाटेवर होती आणि भारनियमनात रोज तीनला वीज जायची. मारामारीवाली पोरं आपला गेम सोडून तिच्यामागे उभी होती. आई गल्ला सोडून आत आलेली. तीनला पाच कमी असताना पाणी बुंध्याला पडलं.

या वेळी ठिपके आले नाहीत. दहा झाडं एकाच वेळी हिरवी झाली. ती ठेंगणी आकृती थोडी थांबली, दोन्ही हात वर केले, डोक्यावरचं भांडं उतरवलं, जमिनीवर ठेवलं आणि झाडाला टेकून बसली. केसरबाईने कुठलंही बटण दाबलं नव्हतं.

"बसली बाई एकदाची," केसरबाई म्हणाली.

परकी अक्षरं खालून वर जात राहिली. मग वीज गेली. ती अंधारलेल्या टीव्हीसमोर तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. त्या बाईला रिकाम्या हातांनी, अशी निवांत बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

जाताना म्हणाली, "आता दे कुनाला देयाची ती."

दिली नाही. दुकान बंद झालं, टीव्ही भंगारात गेले, मशीन कधीच मेलं. जुन्या कॅसेटांना आता भाव आलाय म्हणे, राजेश्वर मागून मागून थकला. नाव पाहिजे असेल तर यादीत केसरबाईचं घाल, असं मी त्याला सांगितलंय. कॅसेट मिळणार नाही.