तिचे रविवारचे ब्लॉग

माझी पत्नी कोल्हापुरातल्या एका शाळेत ग्रंथपाल होती. मागच्या हिवाळ्यात ती गेली. ती गेल्यावर घरात ज्या वस्तू उरल्या त्यांचं काय करायचं ते नातेवाइकांनी मला सांगितलं. साड्या कुणाला द्यायच्या, औषधं कुठे परत करायची, सगळं. तिच्या ब्लॉगांचं काय करायचं, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

ते ब्लॉग तिचे स्वतःचे नव्हते. जगभरच्या शाळांमधले ग्रंथपाल आणि शिक्षक जे लिहितात ते ती वाचायची. त्यासाठी फोनमध्ये तिने फीड रीडर ठेवला होता. आपण एकदा ब्लॉगांची नावं सांगायची, मग त्यांवर नवीन काही आलं की ते आपोआप एका जागी येऊन पडतं, पेपर दारात पडावा तसं. रविवारी सकाळी ती त्यातलं एक निवडायची आणि जिल्ह्यातल्या शाळांमध्ये ज्यांच्याकडे वाचनालयाचं काम आहे अशा शिक्षकांच्या ग्रुपवर चार ओळी लिहायची. ग्रुप तिनेच काढलेला. परदेशात एका शाळेत मुलं कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवतात, हे तिने असं लिहिलं होतं: ‘आपल्याकडं कुत्रं वर्गात आलं की गुरुजी काठी घेऊन उठतात. तवा कुत्रं राहू दे. पण पोराला ऐकणारं कुणीतरी पायजे. आजीला बसवा की.’ आणि बऱ्याच शाळांनी आज्या बसवल्या होत्या.

मी इतिहासाचा प्राध्यापक होतो. रविवारी तिच्यासमोर बसून मी पेपर वाचत असे आणि ती काय करते आहे याकडे फारसं लक्ष देत नसे.

ती गेल्यावर काही आठवडे ग्रुपवर शांतता होती. मग फुलांची चित्रं यायला लागली, शुभ सकाळ, एकादशीच्या शुभेच्छा, गुडघेदुखीवर मेथीचा उपाय. आणि अधूनमधून एक करडी ओळ दिसायची, अमुक यांनी ग्रुप सोडला. तिचा फोन माझ्या टेबलावर असायचा, त्यामुळे ती ओळ मला दिसायची. असे एकेक करून सगळे गेले तर तिचं त्यांच्यातलं असणं संपणार होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत होणार होतं. तेव्हा रविवारचं काम आपण चालू ठेवायचं, असं मी ठरवलं.

फीड रीडर उघडला तर आत न वाचलेल्या लेखांचा ढीग. इतिहासाच्या माणसाने साधनं जुन्यापासून नव्याकडे वाचायची असतात, म्हणून मी अगदी तळापासून सुरुवात केली. प्रत्येक लेखाची टिपणं काढली आणि पहिल्या रविवारी त्यातलं एक, चांगलं दीड पान, ग्रुपवर पाठवलं. बर्फात भिजलेले बूट वाचनालयाबाहेर कसे मांडावेत, याबद्दल ते होतं. बाहेर वैशाखाचं ऊन होतं.

पण खरा घोटाळा तो नव्हता. मी ते तिच्याच फोनवरून पाठवलं होतं, कारण फीड रीडर त्यात होता. ग्रुपवर तिचं नाव आलं, शेजारी तिचा हसरा फोटो, आणि खाली बूट.

मग एकाने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. त्याच्यामागोमाग आणखी बऱ्याच जणांनी लिहिलं. एका मुख्याध्यापकांनी सवयीने ‘अभिनंदन’ टाकलं आणि लगेच पुसलं. दुपारी मेहुणा आला, तिचा धाकटा भाऊ.

“दाजी, काय केलासा हे? पन्हाळ्याच्या गुरुजींचा फोन आलता मला. माणूस घामानं भिजलाय. म्हणतात, मॅडमनी बूट काढून ठेवाय सांगितलंय.”

“मी बुटांबद्दल लिहिलं होतं,” मी म्हणालो.

“ते कळलं वो त्यास्नी. पण कुणी सांगितलं, हे कळंना.”

त्याने माझा नंबर ग्रुपमध्ये घेतला, मला अॅडमिन केलं आणि फीड रीडर माझ्या फोनवर चढवून दिला. ‘शालेय ग्रंथालय’ या शब्दांची एक सूचनाही लावून दिली, म्हणजे मराठीत कुठेही काही आलं तर कळेल. ती रोज यायची, आणि रोज लोखंडी कपाटांच्या निविदा घेऊन यायची. आठवड्याभरात कपाटं किती फुटांची असतात, रंग कोणता द्यावा, हे मला पाठ झालं.

पुढचे काही रविवार मी माझ्या नंबरवरून लिहीत राहिलो. संदर्भ देऊन, पार्श्वभूमी सांगून, दोन्ही बाजू मांडून. खाली कुणी हात जोडायचं, कुणी अंगठा दाखवायचं. आणि लोक ग्रुप सोडत राहिले. बूट पाहून घाबरलेले पन्हाळ्याचे गुरुजीही एका सोमवारी गेले.

त्यानंतर चंदगडच्या बाईंचा फोन आला. त्या डोंगरातल्या एका लहान शाळेत शिकवतात आणि माझ्या पत्नीची त्यांच्याशी दोस्ती होती.

“सर, रागावणार न्हाईसा न्हवं?”

“नाही. बोला.”

“तुम्ही पाठवताय ते आम्ही सगळं वाचत न्हाय.”

मी समोरची टिपणं बाजूला सारली.

“ब्लॉग काय वो, आम्हाला बी बघाय येतात. इंग्रजी अडलं तर फोनच मराठी करून दावतोय. मॅडमचं आम्हाला काय पायजे असायचं, तर मत. हे करा, हे करू नका, हे आपल्याकडं चालायचं न्हाय. कधी कधी चुकायच्या की त्या. मग आम्ही भांडायचो. तुमच्याशी कशावरनं भांडायचं? तुम्ही दोन्हीकडनं बोलताय.”

“मी तसंच शिकवलं आयुष्यभर.”

“व्हय, पण आम्हाला परीक्षा न्हाय द्यायची, सर.”

तो आठवडा मी फार हळू काढला. रोज सकाळी फीड रीडर उघडायचो आणि या वेळी वरून, ताज्या लेखांपासून वाचायचो. प्रत्येक लेखाला ती काय म्हणाली असती याचा विचार करायचो, आणि ते मला येत नव्हतं. एवढी वर्षं तिच्यासमोर बसून मी पेपर वाचला होता. शेवटी शनिवारी मी तो नाद सोडला आणि मला स्वतःला काय वाटतं ते पाहायला लागलो. हेही सोपं नव्हतं. इतिहास विभागात त्याची कधी गरज पडली नव्हती.

एका ग्रंथपालबाईंनी लिहिलं होतं की त्यांनी वाचनालयाबाहेरच्या व्हरांड्यात एक फळी लावली आहे; तिला दार नाही, नोंद नाही, ज्याला हवं त्याने न्यावं. आमच्याकडची कपाटं मला आठवली. शाळेत पुस्तकं कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं, आणि किल्ली ज्याच्याकडे वाचनालयाचा चार्ज आहे त्याच्या घरी असते, कारण बदली झाली की त्याला प्रत्येक पुस्तक मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यावं लागतं. एखादं कमी भरलं तर जाब त्याला. म्हणून सगळ्यात सुरक्षित पुस्तक म्हणजे कुणीच न वाचलेलं.

रविवारी मी लिहिलं: ‘एका शाळेने पुस्तकं बाहेर उघडी ठेवली आहेत. आपणही कुलपं काढावीत. जी पुस्तकं जातील ती जाऊ द्यावीत. माझ्या मते, ज्या वाचनालयातून वर्षभरात एकही पुस्तक चोरीला गेलं नाही, त्याच्या शिक्षकाला जाब विचारावा.’

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. परत पाहिला तर खाली अंगठे नव्हते, हात जोडलेले नव्हते. शब्द होते.

‘सर, तुमचं वय झालंय म्हणून बोलत न्हाय.’

‘रिटायर माणसाला चार्ज द्यावा लागत न्हाय, बोलाय काय जातंय.’

‘सर बरोबर बोलतात. आमच्या शाळेत तीन कपाटं आहेत आणि मुलांना वाटतं त्यात गॅसच्या टाक्या आहेत.’

चंदगडच्या बाईंनी लिहिलं: ‘आमच्याकडं पावसात कपाटाचं दार फुगतं. चार महिने कुलूप लागतच न्हाय. अजून एक बी पुस्तक गेलं न्हाय. कुणी तर न्यावं म्हणून मी वाट बघतीय.’

‘तुमची पुस्तकंच तसली असतील,’ कुणीतरी लिहिलं.

‘तुम्हीच भेट दिलीसा, शिक्षकदिनाला.’

माझी इडली गार झाली. मी उत्तर लिहायला बसलो. चष्मा पुसला, एक वाक्य लिहिलं, खोडलं. मी एक ओळ लिहीपर्यंत तिकडे चार भांडणं होत होती आणि माझं उत्तर शिळं होत होतं. तेवढ्यात फोन वाजला. पन्हाळ्याचे गुरुजी होते.

“सर, ग्रुपवर काय लिवलंयसा म्हणं तुम्ही? कुलपं काढा?”

“हो.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. माझं मत आहे.”



“मला आत घ्या परत.”

“तुम्ही तर सोडला होता ग्रुप.”

“सोडला व्हता. आता घ्या की. चंदगडच्या बाईस्नी सांगायचंय मला, की पावसाचं कारण सांगू नका, आमच्याकडं बी पाऊस हाय. आणि तुम्हाला बी सांगायचंय.”

“फोनवर सांगा ना.”

“फोनवर कशाला? सगळ्यांसमोर सांगतो.”

आत कसं घ्यायचं ते मला सापडेना. मी त्यांना थांबायला सांगितलं, मेहुण्याला फोन केला, त्याने जसं सांगितलं तसं एकेक बटण दाबत गेलो. गुरुजी आत आले, आणि नमस्कारसुद्धा न करता भांडायला लागले.