कडी ढिली नव्हती

गाडीतला संडास माझ्यासाठी होता. आईंसाठी नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आज त्यांचा पहिला स्मृतिदिन.

सकाळी घरी बुद्धवंदना झाली. मग चार माणसं त्यांच्याबद्दल बोलली. आमचे चुलतसासरे आण्णा उठले आणि त्यांनी तो नेहमीचा किस्सा सांगितला.
"आमची वैनी लई धीट. बुद्धगयेला न्यायचं ठरलं, तर म्हनली, आधी गाडीत संडास बसवा!"

सगळे हसले. प्रेमानंच हसले.

मी चहाचे कप गोळा करत होते. मीही हसले.

आता त्याच गाडीत येऊन बसलेय आणि हे टाईप करतेय.

ज्यांनी आमची गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं, एका शाळेची जुनी मिनी बस विकत घेतली. सीट काढून झोपायला बर्थ, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर. पारनेर ते बुद्धगया, आईंना घेऊन, थांबत थांबत जायचं होतं. तो अख्खा उन्हाळा आमच्या अंगणाचं गॅरेज झालं होतं.

टप गळतोय का हे बघायला मिलिंद वर चढून बादल्या ओतायचा. आई आत परात घेऊन बसायच्या.
"हितं गळतंय! आरं, माझ्या डोक्यावर वतलंस की!"
भिजलेल्या पदरानं तोंड पुसत हसायच्या. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गाडीला रंग लागायच्या आधीच वाटेत आमटी करायला त्यांचा येसरचा डबा भरून तयार होता.

एक दिवस मिलिंदनं आम्हा दोघींना अंगणात हाक मारली. वेल्डिंगचे मिस्त्री, आण्णा, मिलिंदचे दोन मित्र, सगळे उभे.
"संडास बसवायचा का? जागा लई जाईल. मग फ्रिज बसणार नाही."

एवढ्या पुरुषांसमोर कोण हो म्हणणार?

आई म्हणाल्या, "जिथं शिजवायचं तिथंच त्ये कशाला?"
मी म्हणाले, "नको, वाटेत ढाबे असतातच."

मिलिंद खूश. बायकांना विचारून निर्णय घेतला म्हणून आणखी खूश.

आता माझी ओळख. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर वर्षी सातवीच्या मुलींना वेगळं बसवून सांगते, शरीराच्या गोष्टींची लाज वाटून घ्यायची नाही, स्पष्ट बोलायचं. छान बोलते मी. विचारा कोणालाही.

पहिली ट्रायल बेलापूरला, नणंदेकडे. गाडीत हीच सगळी मंडळी. मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ढाब्यावरच्या त्या खोलीला आतून कडीच नव्हती, मी तशीच परत येऊन बसले. मिलिंदनं मोठ्यानं विचारलं, "थांबायचं का कुठं?" मी म्हणाले, "छे, कशाला?"

घरी आले ती थंडी वाजून ताप घेऊनच. लघवीला आग. डॉक्टर मॅडम रागावल्या, "प्रवासात पाणी पीत नाही का?" आई शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात काम चालू असताना त्या बाहेर आल्या.

"मिलिंद, त्यो फ्रिज ऱ्हाऊ दे. तिथं संडास बसव. मला लघवीला सारखं लागतंय. माझ्याच्यानं दम धरवत न्हाई."

वेल्डिंग थांबलं.

आण्णा म्हणाले, "वैनी, बुद्धगयेला चाललाय का संडासला?"
"दोन्हीला," आई म्हणाल्या.

सगळे खो खो हसले. मी दारात उभी होते. आईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

ही तीच बाई, जी सकाळी खुरपायला गेली की थेट दिवस मावळता घरी यायची आणि कधी कुरकुर नाही.

आत आल्यावर मी म्हणाले, "आई, तुम्ही कशाला..."
"गप. तुला रोज साळंत जायचंय. म्हातारीला कुनी हसलं तर हसू दे."

आणि मी गप्प बसले. इतकं सोपं होतं ते.

संडास बसल्यावर दुसरी ट्रायल, घोडेगावपर्यंत. अर्ध्या वाटेत आई मोठ्यानं म्हणाल्या, "सुजाता, चल गं, माझं दार धर. कडी ढिली हाय."
मागे गेलो. त्यांनी मलाच आत ढकललं.
"तू हो आधी. मी उभी हाय."

कडी नवी होती. घट्ट बसत होती.

परत येताना पुन्हा तेच. पुढून कोणीतरी ओरडलं, "आजींचं परत आलं वाटतं!" बाहेरून आईंचा आवाज, "व्हय, आलं. तुला काय करायचंय?"

मी आत बसून ऐकत होते. रडू आलं, पण तेव्हाही बाहेर येऊन "माझं होतं" असं म्हणाले नाही.

निघायच्या आठवड्यातच आई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. गाडी वर्षभर अंगणात उभी राहिली आणि किस्सा गावभर फिरला. बुद्धगयेला जायला आसुसलेली माझी सासू लोकांच्या लक्षात राहिली ती संडास मागणारी म्हातारी म्हणून. मला एका वाक्यात ते थांबवता आलं असतं.

तर आण्णा, मिलिंद, आणि हसलेले सगळे, नीट वाचा. दम धरवत नव्हता तो मला. आईंना नाही. यापुढे हसायचं तर मला हसा.

उद्या सकाळी आम्ही निघतोय. आईंचा फोटो पुढे, येसरचा डबा मागे. अर्ध्या वाटेत मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, मला जायचंय.

पण दाराबाहेर तुम्ही नसणार, आई.

तुमच्या सुनेची ही उशिराची आदरांजली, मान खाली घालून.
जय भीम.