निरोगी म्हणून घेतलेलं रक्त

नाशिकच्या एका रुग्णालयात मी रक्त काढायचं काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक संशोधन सुरू झालं. स्तनाच्या कर्करोगात रक्तातल्या आरएनएच्या अगदी बारीक तुकड्यांचं प्रमाण बदलतं का, आणि गाठ हाताला लागण्याआधीच त्यावरून आजार ओळखता येईल का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. तुलनेसाठी धडधाकट बायकांचंही रक्त हवं होतं, पण उगाच सुई टोचून घ्यायला कोण येणार?

म्हणून मी थोरल्या बहिणीला बोलावलं. तिला सायखेड्याला दिलेलं. ताई एसटीने आली, सोबत मेथीच्या दोन जुड्या घेऊन. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, तपासलं, काही नव्हतं. मग मी तिला संमतीचा कागद वाचून दाखवला. हे फक्त संशोधन आहे, कुणालाही रिपोर्ट मिळणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मागे बायका खोळंबल्या होत्या. ते वाक्य मी भरभर वाचलं. ताईने सही केली. तिच्या नळीवर नंबर टाकून मी ती निरोगी बायकांच्या खोक्यात ठेवली.

महिन्याभराने तिने फोनवर सहज विचारलं, रक्तात काही निघालं का. मी कामात होते. म्हणाले, "काही नाही गं, तू ठणठणीत आहेस."

दीड वर्षाने भावाच्या मुलीच्या साखरपुड्यात मी ताईला पदर लावून देत होते. तिला डावा हात वर करता येईना. काखेत चाचपलं, तर सुपारीएवढी टणक गाठ. किती दिवस झाले, विचारलं. कांद्याच्या लागणीपासून आहे, म्हणाली, आणि छातीतही एक आहे. कुणाला बोलली का नाहीस, म्हटल्यावर तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"तूच म्हणाली होती ना, रक्तात काय नाय म्हणून. मंग मला कशाची भीती?"

तपासण्या झाल्या तेव्हा आजार हाडांत आणि यकृतात पोचलेला होता. संशोधनाच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या नळ्या अजून तपासल्याच नाहीत, आणि तपासल्या असत्या तरी एकट्या बाईबद्दल काहीच सांगता आलं नसतं. त्यांचं बरोबर होतं. माझ्या मनावरचं ओझं मात्र तसूभरही कमी झालं नाही.

तिसऱ्या केमोच्या दिवशी मी ताईला खरं सांगितलं. तिचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं, मी तोंडाला येईल ते बोलले होते. तिची मुलगी उशाशीच बसली होती.

"सांगायचं ना गं तवाच," एवढंच ताई म्हणाली. त्यानंतर तो विषय तिने कधी काढला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मार्गशीर्षात ती गेली.

तेराव्याला मी तिच्या मुलीला बाजूला घेतलं. आईला झालं म्हणजे तुलाही तपासून घ्यायला हवं, चल, मी सोबत येते, म्हटलं. ती पत्रावळी उचलत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"मावशी, तुझ्या शब्दावर आता कुठंच यायचं नाय मला."

अजून ती कुठेच गेलेली नाही. मी फोन करते. ती उचलत नाही.