भाचीचा फोटो आणि माझी सही

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या एसटी स्टँडसमोर एक भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर माझ्या भाचीचा दोन वेण्या घातलेला फोटो आणि खाली ओळ : 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. आमची म्हणजे गावात नुकत्याच उघडलेल्या एका क्लासची. भाची त्या क्लासात एक दिवसही शिकायला गेली नव्हती.

तिला शिष्यवृत्ती मिळाली ती जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंमुळं. शाळा भरायच्या आधी दीड तास बाई जादा वर्ग घेतात, फुकट. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. मधली वर्षं बदलीवर काढून निवृत्तीआधी त्या पुन्हा आमच्या गावात आल्या. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आज सांगलीत प्रयोगशाळेत नोकरी करते, तिचा पाया त्या वर्गातल्या फरशीवर घातला गेला.

हा क्लास परदेशी पद्धतीचा, असं सांगतात. फलटणला त्याची शाखा आहे. जतला त्याची पत्रकं मराठी आणि कानडी दोन्हींत वाटतात. फौजेतल्या चुलतभावानं पंजाबातून त्याच पाटीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'इथं पण हाय गं!' सगळीकडं तेच छापील सरावाचे कागद, तेच चढते टप्पे. मूल पंजाबातलं की जतचं, त्या कागदाला काही फरक पडत नाही. तेही मी सोडून दिलं असतं. पण शाळा सुटल्यावर क्लास घेऊन त्यांचं भागत नव्हतं. "दोन पद्धतींनी मूल गोंधळतं, सकाळचा वर्ग बंद करा," असं ते पालकांना सांगत होते. फ्लेक्स लागल्यापासून महिन्याभरात बाईंचा वर्ग निम्मा झाला.

मी तावातावानं गावातल्या शाखेत गेले. शाखा चालवणारा गावचाच, शाळेत माझ्यापेक्षा दोन वर्षं मागं होता.

"फोटो काढ. आत्ताच्या आत्ता."

"ताई, बसा तरी. पाणी घ्या."

"पाणी नको. तू बाईंच्या हाताखाली शिकलास न्हवं? लाज वाटत न्हाई?"

"वाटती की. पर फ्लेक्स वरच्या हापिसातनं छापून येतोय. आन् ह्यो बघा." त्यानं एक इंग्रजी कागद पुढं सरकवला. "तुमचीच सही हाय."

माझीच होती. क्लासनं गावात मोफत चाचणी ठेवली होती. भाची सहज म्हणून बसली, तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दादानं, मला फॉर्म दिला. "तू शिकलीयास, तूच बघ," म्हणाला. घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडं येतो. बारीक अक्षरातलं वाचायला वेळ लागला तर घरची काय म्हणतील, म्हणून मी वाचल्यासारखं केलं आणि पालक म्हणून सही ठोकली. मुलीचा निकाल आणि फोटो जाहिरातीत वापरायला मी परवानगी दिली होती.

बाईंकडं जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, त्या समजूत काढतील. त्या चिडल्या.

"न वाचता सही? हे मी शिकवलं होतं तुला?"

"चुकलं बाई."

"चुकलं म्हणून काय होतंय? कळवलंस का त्यांना?"

त्याच दिवशी परवानगी मागं घेतल्याचं पत्र लिहिलं, तीनदा वाचलं आणि क्लासच्या मुख्य ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. उत्तर आलं नाही. मग बाईंच्या वर्गातून मुलं काढून घेतलेल्या घरी फिरले. भाचीला बाईंनीच शिकवलं, हे दारोदार सांगितलं. एका आईनं भाकरी थापता थापता मला सुनावलं.

"आवं, ठाऊक हाय आमाला. पर बाई येत्या जूनला रिटायर हुणार. मग आमच्या पोरीला सकाळी कोण शिकवणार? तुमी?"

मला तिचाही राग आला, कारण तिचं बरोबर होतं. क्लासवर राग, सहीवर राग, शिकून सांगलीला निघून गेलेल्या माझ्यावर राग. घरी येऊन दादावरही उखडले. "माझ्यावर कशाला जाळ काढतीस?" म्हणत तो जेवणावरनं उठला.

शेवटी बाईंना म्हणाले, "दर रविवारी गणिताचा एक तास मी घेते. आत्तापासून. जूननंतरही."

"एक-दोन रविवार न्हवं हां," बाई म्हणाल्या. "वर्षभर येणार असशील तरच वर्गाची किल्ली देते."

किल्ली घेतली. पहिल्या रविवारी सात मुलं आली. जाहिरात करणाऱ्यांना, न वाचता सह्या करणाऱ्यांना, वर्ग सोडून जाणाऱ्यांना मी उभ्या उभ्या बोलत सुटले. आवाज कधी चढला कळलंही नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी हात वर करून उठली.

"ताई, आमी तर आलोय न्हवं? मग आमच्यावर का वरडताय?"

मी खडू उचलला आणि अपूर्णांकांपासून सुरुवात केली.