नर्सबाईंच्या गाडीचं तेल

आष्टीच्या नर्सबाई सकाळी चहाच्या आधी गाडीचं तेल बघत. बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी ओढून काढायची, थेंबभर तेल बोटांत चोळायचं आणि नाकाजवळ न्यायचं. मी शेजारी भाड्याने राहणारा शिक्षक. खिडकीतून हे रोज दिसे. बोटं फडक्याला पुसून त्या आत गेल्या की गल्लीतल्या दिवस भरत आलेल्या बायकांनाही धीर येई.

त्या निवृत्त झाल्या होत्या, पण बोलावणी थांबली नव्हती. यजमानांच्या मागे राहिलेली जुनी गाडी त्या स्वतः चालवत आणि अडलेल्या बाईला परतूरला, वेळ पडली तर जालन्याला पोचवत. त्या गाडीत त्या जाड तेलच घालत. "इंजिन झिजलंय, सर," त्या म्हणायच्या. "आतल्या फटी वाढल्यात. पातळ तेल तिथं थांबत न्हाई. मंग लोखंडावर लोखंड घासतं."

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला. आईवर फार माया त्याची. निघायच्या दिवशी तिला न सांगताच त्याने गाडी नेली आणि पुण्याहूनच घेतलेलं, स्वतःच्या नव्या गाडीत घालतो तेच महागाचं, पातळ तेल भरून आणलं. तो परत गेल्यावर नर्सबाईंनी गाडी चालू केली आणि किल्लीवर हात तसाच ठेवून बसल्या. इंजिनातून बारीक टकटक येत होती. खाली फरशीवर काळा डाग पसरत होता. उतरून त्यांनी पट्टी ओढली, तर तेल पाण्यासारखं पातळ.

"हा आवाज मला बराबर वाटून न्हाई राह्यला," त्या म्हणाल्या. "दुकान उघडलं की तेल बदलते."

दुकानं सणाची बंद होती. ती उघडायच्या आतच बोलावणं आलं. कविता नावाची पहिलटकरीण, रक्त जात होतं. मदतीला मी गाडीत बसलो. परतूरच्या डॉक्टरांनी तपासून तसंच जालन्याला न्यायला सांगितलं.

वाटूर मागे पडलं आणि तेलाचा लाल दिवा लुकलुकू लागला. मग तो विझेचना. टकटकीचे आता ठोके झाले होते.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"थांबले तर इंजिन वाचंल," नर्सबाई समोर बघत म्हणाल्या. "ही न्हाई वाचायची."

मागे कविताची सासू तिचे तळहात चोळत होती. कविता कण्हायचीही थांबली होती.

जालना दिसू लागलं तेव्हा इंजिनाने एक मोठा आचका दिला आणि गाडी उभी राहिली. मागून येणारी जीप आम्ही हात करून थांबवली. कविता वाचली, तिला मुलगी झाली. इंजिन मात्र आतून जाम झालं होतं. मेकॅनिकने ते उघडून पाहिलं आणि आता दुरुस्त व्हायचं नाही म्हणून सांगितलं. हे ऐकून त्यांचा मुलगा फोनवर रडू लागला, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "तेल वाईट नव्हतं रे तुझं. त्या गाडीचं नव्हतं, एवढंच."

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाची सुमन अडली. फोन करून मागवलेली गाडी लांबच्या गावाहून निघाली होती. माणसं सवयीने नर्सबाईंच्या दारात आली. त्या पायीच गेल्या. जमेल ते सगळं केलं आणि सुमनचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत राहिल्या. गाडी आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. सामान चढवताना मी विचारलं, "करमेल ना तिकडं?"

नर्सबाईंनी गल्लीवरून एकदा नजर फिरवली.

"करमंल, सर. तिथं मला बोलवायला कोणी यायचं न्हाई."