असलेल्या सुरकुत्या राहू देत

मिरची तोडायला वावरात उतरण्याआधी कमलअक्का बांधावर बसायची. दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन काढायची आणि कपाळापासून मानेपर्यंत सावकाश लावायची. मग वरून स्कार्फ. बाकीच्या बाया तोवर सरीत शिरलेल्या असत. "अक्का, ह्या वयात कुणाला दावायचंय?" असं कुणीतरी हटकून विचारी. ट्यूबचं झाकण लावत अक्का म्हणे, "हाय एकजण." बाया फिदीफिदी हसत.

तो एकजण कोण, हे मला ठाऊक होतं. लासुर्ण्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि अक्काचं घर मागच्याच गल्लीत. पहिल्यांदा दुकानात आली ती तोंडाला पदर गच्च लावून. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं पदर काढला. दोन्ही गाल लालभडक, कातडीचे पापुद्रे सुटलेले. बाजारात कुणीतरी पंधरा दिवसांत सुरकुत्या घालवणारी क्रीम विकत होता, ती तिनं आणली होती. डबीवर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे त्याचा पत्ता.

"लय आग होतीया गं पोरी," ती हळूच म्हणाली, "पर सुरकुत्या जातील न्हवं?"

मला रागच आला. डबी काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिला स्कूटीवर मागं बसवून बारामतीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई समजूतदार होत्या. आधी चेहरा बरा होऊ द्या, म्हणाल्या. मग दिवसा सनस्क्रीन, रात्री साधं मॉइश्चरायझर, एवढं पुरे. "महागाचं काही नको. तुमचं काम उन्हातलं, सुरकुत्या त्यानंच लवकर येतात. आहेत त्या पूर्ण जाणार नाहीत. नव्या मात्र उशिरा येतील."

अक्का म्हणाली, "असलेल्या राहू देत. त्या तिनं बघितल्याल्या हायत. पुढच्या तेवढ्या थोपवा."

ती म्हणजे वैशाली, अक्काची एकुलती एक मुलगी. परतताना रस्त्याकडेला गाडी थांबवायला लावून अक्कानं सगळं सांगितलं. वैशालीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन दारात आली. तात्यांनी, म्हणजे अक्काच्या मालकांनी, तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. अक्का खिडकीत उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुज्यामुळं माजं तोंड म्हातारीवानी झालं. पुन्यांदा हितं येऊ नगंस." पोरगी आईच्या चेहऱ्याकडं बघत राहिली आणि निघून गेली.

"त्येच तिच्या डोक्यात असंल गं," अक्का म्हणाली. "ती येईल तवा तिला वाटाय नगो, आईला मीच म्हातारं केलं."

त्या दिवसापासून अक्कानं एक सकाळ चुकवली नाही. दुपारी भाकरी खाल्ली की पुन्हा ट्यूब बाहेर. हळूहळू हसणाऱ्या बायाही माझ्या दुकानात येऊ लागल्या. त्यांनाही तीच शिकवायची. "आगं, घासू नगा तोंड. त्ये काय पातेलं हाय?" कुणी महागड्या क्रीमकडं बोट दाखवलं की म्हणायची, "त्या डबीवरची बाई कधी मिरची तोडाय गेलीया का?"

दिवाळीत गल्लीतल्या लेकी माहेरी येत. अक्का इस्त्रीची साडी नेसून ओट्यावर बसे. एसटी आली की मान तिकडं वळे. उतरलेली माणसं आपापल्या वाटेनं गेली, की ती रिकाम्या रस्त्याकडं बघत राही. तात्या हे दारातून बघत आणि आत जात.

वाट बघण्यातली सहावी दिवाळीही तशीच गेली. दोन दिवसांनी अक्का पिशवी घेऊन दुकानात आली.

"मी हितं तोंड राखत बसलीया," ती म्हणाली, "आन् बोलले हुते मीच. मग जायचं कुणी?"

वैशाली मिरजेला राहते, एवढं गावात ठाऊक होतं. पत्ता मी तिच्या मैत्रिणीकडून मिळवला. तात्यांना सांगितलंत का, विचारलं. "सांगितलं. भाकरी झाकून ठिवलीया, लेकीकडं चाललीया, म्हनलं. व्हय म्हनले न्हाईत, न्हाय बी म्हनले न्हाईत."

बारामती स्टँडवर तिला गाडीत बसवून दिलं. गाडी निघता निघता तिनं खिडकीतून विचारलं, "पोरी, खरं सांग. लय म्हातारी दिसते का गं मी?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. एवढी वर्षं जपूनही तिच्या कपाळावरच्या आठ्या खोल गेल्या होत्या. त्या काही उन्हानं पडलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. काय म्हणाली वैशाली, मी अधीरपणे विचारलं.

"तिनं माज्या तोंडाकडं बघितलंच न्हाय गं. दार उघडलं आन् गळ्यातच पडली. मीच बघत हुते तिच्याकडं. तिच्या डोळ्यांखाली रेघा आल्यात पोरी. एवढ्याशा वयात." आणि अक्का हुंदके देऊन रडायला लागली.

आठवड्यासाठी गेलेली अक्का परत आली नाही. वैशालीला लहान मूल, दोघंही नोकरीवर. महिन्याभरानं तात्या दुकानात आले. आत येऊन उगाच कपाटांकडं बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "मिरजेची गाडी सकाळी कितीला हाय?"

मी वेळ सांगितली. त्यांनी दोनदा विचारून घेतली.

आता वावर वाट्यानं दिलंय. मागच्या गल्लीतल्या दाराला कुलूप आहे. माझी आई मी लहान असतानाच गेली, आणि मला "पोरी" म्हणणारं गावात दुसरं कुणी नाही. मी अक्काला फोन करते, कधी येताय म्हणून विचारते. "यिऊ की, दिवाळीला यिऊ," ती म्हणते. मागून बाळाचं रडणं ऐकू येतं, आणि ती घाईघाईनं फोन ठेवते.

दिवाळी जवळ आली की एसटीच्या आवाजानं आता माझी मान वळते.