पोलादपूरच्या डोंगरात सापडलेलं आईचं नाव

मामाच्या लग्नात मानपानावरून आई रुसून परळला आली, ती पुन्हा माहेरी गेलीच नाही. "माझं नाव तरी काढत असतील का तिथं?" एवढंच म्हणायची. शेवटी मी म्हटलं, मीच बघून येतो.

तुम्हीही जाणार असाल तर पावसाळ्याआधी जा, मग बोटी बंद. बोटीने बाणकोट, पुढे सावित्रीतून मचव्याने महाड. भरती मात्र साधा. आमची चुकली आणि तुडीलपाशी चिखलात रुतलेल्या मचव्यात बसून आम्ही तो हाकणाऱ्या तांडेलाच्या शिव्या ऐकल्या. महाडच्या खाणावळीत कालवण झकास मिळालं. पोलादपूरपर्यंत मोटार आहे. धुळीने मी ओळखू येईना. पुढे मामाच्या वाडीपर्यंत चढण, तीही उन्हात.

"आलास व्हय रे? बस," मामा म्हणाले. मामीने नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. आईची चौकशी कोणी केली नाही. मला फार वाईट वाटलं. सकाळीच परतायचं ठरवून झोपलो.

पहाटे जात्याच्या घरघरीने जाग आली. मामी गात होती:

दारीचा गं फणस पिकला, वास येतो घरभर,
चंद्रा वन्सं माझ्या, रुसवा ठेवा वेशीवर.

"मामी, ही चंद्रा कोण?"

जातं थांबलं. मामी हसायलाच लागली. "आयचं नाव ठावं नाय व्हय रे? लगनात बदललं, तुमच्यात ती सरस्वती. हिथं चंद्राच हाय."

"मामांना चालतं?"

"त्यांनीच सांगितलंय. चंद्राची एक ओवी झाल्याबिगर पीठ भरायचं नाय. तोंडानं बोलायचे नायत, पन रोज ऐकतात."

ओटीवर घोंगडीतून मामा खाकरले आणि कूस बदलली. मला भरून आलं. त्या दिवशी मी निघालो नाही.

या भागात डोंगर आणि नदी पाहाल तेवढी थोडी. मी मात्र एक ओवी पाठ करून आणली, आणि एक फणस, ज्याने वाटभर खांदा मोडला.

घरी आल्यावर माझ्या भसाड्या आवाजात ती म्हणून दाखवली. आई तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"कोन गातं ही?"

"मामी. दळताना रोज. मामा सांगतात म्हणून."

आई रडली, चांगली हुंदके देऊन. मग पदराने तोंड पुसलं, सूप बाजूला सारलं.

"बोट कधी हाय रे?" तिने विचारलं.